‘माझे बाबा कंडक्टर, मग मी प्रिव्हिलेज्ड कसा?’

मागच्या अंकात अमेरिकन युनिव्हर्सिट्यांमधल्या वंशभेदविरोधी आंदोलनांवर लिहिलं होतं, त्यात मिसुरी युनिव्हर्सिटीतल्या २०१५ च्या आंदोलनाबद्दल चार चांगल्या ओळी होत्या, आणि त्यावर इतकी पत्रं नि मेल आले की यावेळचा अख्खा कॉलम त्यांनाच दिलाय. काही पत्रं रागाची आहेत, तीही घेतलीत. नावं कुणाचीच छापत नाही, बऱ्याच जणांनी तशी विनंती केलीय आणि सध्याच्या व्हिसाच्या वातावरणात ती रास्तच आहे. मी स्वतः अमेरिकेतल्या एका सरकारी युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिसात बरीच वर्षं नोकरी केलीय, त्यामुळे उत्तरं बरीचशी त्या टेबलावरून सुचलेली आहेत.

प्रश्न : मी मूळ सांगली जिल्ह्यातला, सध्या मिडवेस्टमध्ये एमएस करतोय. ओरिएंटेशनला आम्हाला एक खेळ खेळायला लावला. सगळ्यांनी एका रांगेत उभं राहायचं, मॅडम वाक्यं वाचणार, घरात पुस्तकं भरपूर होती का, एक पाऊल पुढे, पैशांअभावी कधी उपाशी झोपलात का, एक पाऊल मागे. शेवटी एक गोरा मुलगा बराच पुढे गेला, त्याचे वडील ट्रक चालवतात, मी मध्ये कुठेतरी, आणि दोन काळ्या मुली पार मागे भिंतीपाशी. नंतर चर्चेत मला सांगितलं की तूही तुझं प्रिव्हिलेज, म्हणजे जन्माने आयते मिळालेले फायदे, मान्य कर. माझे बाबा एसटीत कंडक्टर होते, मी कर्ज काढून आलोय, दिवसाला एकदा जेवतो. मी प्रिव्हिलेज्ड कसा?

आधी त्या खेळाबद्दल बोलते, कारण तो मला मनापासून नकोसा वाटतो. त्या भिंतीपाशी उभ्या राहिलेल्या दोघींचा विचार कर. पहिल्याच आठवड्यात, ज्यांची नावंसुद्धा अजून पाठ नाहीत अशा लोकांसमोर त्यांना एकेक पाऊल मागे जात आपली गरिबी नि आपले अपमान उघडे करावे लागले, आणि त्यातून शिकलं कोण तर बाकीचे. अशा कार्यक्रमानंतर आमच्या ऑफिसात मुली यायच्या, काही बोलायच्या नाहीत, फक्त थोडा वेळ बसू का विचारायच्या. ज्यांच्यावर अन्याय झालाय त्यांनीच तो दुसऱ्यांच्या शिक्षणासाठी करून दाखवायचा ही पद्धत मला क्रूर वाटते आणि ती बंद व्हावी असं मी तिथे असतानाही लेखी दिलं होतं.

पण खेळ वाईट म्हणून मुद्दा खोटा ठरत नाही. गोरेपणाचे फायदे ही कल्पना गाजली ती वेलस्ली कॉलेजच्या पेगी मॅकिंटॉश यांच्या १९८८ च्या लेखामुळे. स्वतः गोऱ्या असलेल्या या बाईंनी रोजच्या आयुष्यातल्या गोष्टींची यादीच केली होती, मी दुकानात शिरले तर कुणी माझ्या मागेमागे फिरत नाही, जखमेवरची पट्टी माझ्या कातडीच्या रंगाची मिळते, असं. यादी प्रामाणिक होती, पण पुढे झालं काय की लोकांना हा सगळा मनात मान्य करायचा विषय वाटायला लागला. मान्य केलं, मान खाली घातली, संपलं. खरा हिशोब मनात नाही रे, तो कागदपत्रांत आहे.

त्या ट्रक ड्रायव्हरचंच घे. दुसऱ्या महायुद्धातून परत येणाऱ्या सैनिकांसाठी अमेरिकेने १९४४ ला जीआय बिल नावाचा कायदा केला, कॉलेजची फी, घराला किंवा धंद्याला सरकारी हमीचं कर्ज. कायद्यात रंगाचा उल्लेख नव्हता, पण कर्ज कुणाला द्यायचं ते गावची बँक ठरवणार होती. मिसिसिपी राज्यात १९४७ पर्यंत अशी ३,२२९ कर्जं झाली आणि त्यातली काळ्या सैनिकांना किती, तर दोन. दोन टक्के नव्हे, दोन. आता त्या मुलाचे आजोबा किंवा पणजोबा युद्धाहून आले असतील आणि त्यांना ते कर्ज मिळालं असेल तर त्या घरावर पुढच्या पिढीचं शिक्षण झालं, आजारपण निघालं, नोकरी गेली तेव्हा डोक्यावर छप्पर राहिलं. ट्रक चालवणारा बाप कष्टाचाच आहे, त्याच्या कष्टाला कुणी नावं ठेवत नाही. पण त्याच युद्धात लढलेल्या काळ्या माणसाच्या नातीला ते घर मिळालं नाही, आणि तिचा बापही तेवढेच कष्ट करत होता.

तुझ्याबाबतीत म्हणशील तर, तुझी जात मला माहीत नाही आणि मी विचारतही नाही. एवढंच बघ, तुझ्या शाळेत दहावीला तुझ्याएवढेच मार्क पडलेली मुलगी आज कुठे आहे? गावात पाणी भरताना कुणाला थांबायला लागायचं, आणि त्यात तुझं घर होतं का? आणि तिथे अमेरिकेत रात्री लायब्ररीतून परतताना पोलिसांची गाडी शेजारी हळू झाली तर तुझ्या पोटात जेवढा गोळा येतो आणि तुझ्या काळ्या वर्गमित्राच्या पोटात जेवढा येतो त्यात फरक आहे का? उत्तरं तू तुझ्यापाशी ठेव, ग्रुप डिस्कशनमध्ये कुणाला द्यायची गरज नाही. बाबांचे कष्ट या उत्तरांनी कमी होत नाहीत. आणि दिवसाला एकदा जेवतोस ते मात्र ताबडतोब थांबव, बहुतेक सरकारी युनिव्हर्सिट्यांमध्ये विद्यार्थ्यांसाठी फूड पँट्री, म्हणजे फुकट शिधा मिळायची जागा, असते, तिथे जायला लाज बाळगू नकोस, ती तुझ्यासाठीच आहे.

प्रश्न : मिसुरीच्या आंदोलनाचं तुम्ही कौतुक केलंत. माझा भाचा तेव्हा तिथेच शिकत होता. पोरांनी गोंधळ घालून प्रेसिडेंटला घालवलं, नंतर ॲडमिशन घटल्या, होस्टेलं बंद पडली, लोकांच्या नोकऱ्या गेल्या. हाती काय लागलं ते तरी सांगा. (ठाणे)

तुम्ही म्हणता ते घडलंय, मी नाकारत नाही. दोन वर्षांत पहिल्या वर्षाच्या ॲडमिशन पस्तीस टक्क्यांहून जास्त खाली आल्या, सात होस्टेलं तात्पुरती बंद केली, चारशेच्यावर जागा कमी केल्या, आणि त्यात कायम नसलेल्या प्राध्यापकांच्याही होत्या. हे सगळं एकट्या आंदोलनामुळे झालं असं मला वाटत नाही, पण त्याचा वाटा होता.

आता गोंधळ या शब्दावर माझी हरकत आहे, आणि त्यासाठी क्रम सांगावा लागेल. मिसुरी युनिव्हर्सिटी ज्या कोलंबिया गावात आहे तिथून फर्ग्युसन मोटारीने दोनेक तासांवर, जिथे ऑगस्ट २०१४ मध्ये मायकल ब्राउन या अठरा वर्षांच्या निःशस्त्र काळ्या मुलाला पोलिसाने गोळ्या घातल्या. २०१५ च्या सप्टेंबरात युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थी संघटनेचा निवडून आलेला अध्यक्ष, तोही काळा, रस्त्याने चालला असताना पिकअपमधल्या टोळक्याने त्याला घाणेरड्या शिव्या दिल्या. ऑक्टोबरात काळी मुलं नाटकाची तालीम करत होती तिथे एक दारू प्यायलेला मुलगा येऊन तसंच बोलला. १० ऑक्टोबरला होमकमिंगच्या, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या वार्षिक उत्सवाच्या, मिरवणुकीत मुलांनी प्रेसिडेंट टिम वुल्फ यांची गाडी अडवली, ते गाडीतून उतरलेच नाहीत, एक शब्द बोलले नाहीत. मला वाटतं त्या दिवशी ते खाली उतरून दोन मिनिटं ऐकून घेते तर पुढचं बरंच टळलं असतं. महिनाअखेरीला एका होस्टेलच्या बाथरूमच्या भिंतीवर विष्ठेने स्वस्तिक काढलेलं सापडलं, हिटलरवाल्यांचं. २ नोव्हेंबरला जोनाथन बटलर या विद्यार्थ्याने उपोषण सुरू केलं, वुल्फ जाईपर्यंत. शनिवारी ७ तारखेला फुटबॉल टीममधल्या तीसेक काळ्या खेळाडूंनी जाहीर केलं की वुल्फ जाईपर्यंत आम्ही मैदानात उतरणार नाही, कोचनेही साथ दिली. पुढच्या आठवड्याची मॅच रद्द झाली असती तर युनिव्हर्सिटीला दहा लाख डॉलर भरावे लागले असते. सोमवारी सकाळी वुल्फ यांनी राजीनामा दिला.

म्हणजे महिनोन्‌महिने पत्रं, सभा, अर्ज यांनी जे हललं नाही ते एका मॅचने दोन दिवसांत हललं. मला यात पोरांचा दोष दिसत नाही, ज्यांना पैशाचीच भाषा कळत होती त्यांचा दिसतो.

त्या गटाचं नाव होतं कन्सर्न्ड स्टुडंट १९५०, कारण पहिल्या काळ्या विद्यार्थ्याला तिथे १९५० साली प्रवेश मिळाला. युनिव्हर्सिटी १८३९ ची. मधल्या काळात काय होतं? लॉइड गेन्स नावाच्या मुलाला काळा म्हणून लॉ स्कूलने प्रवेश नाकारला, तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि डिसेंबर १९३८ मध्ये जिंकला, आणि तीनच महिन्यांनी शिकागोतून गायब झाला, आजतागायत पत्ता नाही. त्याआधी १९२३ मध्ये जेम्स स्कॉट या युनिव्हर्सिटीत सफाईचं काम करणाऱ्या माणसाला जमावाने जेल फोडून बाहेर काढलं आणि कॅम्पसजवळच्या पुलावर फाशी दिलं, खटलाही न चालवता, बघायला मोठी गर्दी होती. २०१० मध्ये, म्हणजे अगदी काल म्हणा ना, काळ्या विद्यार्थ्यांच्या कल्चर सेंटरसमोर रात्री कुणीतरी कापसाचे बोळे टाकून ठेवले, तुमचे पूर्वज कापूस वेचणारे गुलाम होते हे सांगायला. त्या सेंटरला नाव गेन्सचंच आहे.

आता त्यांचं मागणीपत्र. ते आठ मागण्यांचं आहे आणि मी तुम्हाला कळकळीने सांगते, कुठल्याही आंदोलनाबद्दल मत बनवण्याआधी घोषणा बाजूला ठेवून मागण्यांचा कागद वाचा. यातली पहिली मागणी, वुल्फ यांनी स्वतःच्या हाताने माफीनामा लिहावा, पत्रकार परिषदेत वाचावा आणि त्यात आपलं गोरं, पुरुष असण्याचं प्रिव्हिलेज कबूल करावं. मला ही मागणी चुकीची वाटते. जबरदस्तीच्या कबुलीने कुणाच्याही पोराला शिष्यवृत्ती मिळत नाही, आणि टीव्हीवाल्यांनी नेमकी हीच उचलली. पण खालच्या मागण्या बघा, त्या पार वेगळ्या आहेत, २०१७-१८ पर्यंत काळे प्राध्यापक आणि कर्मचारी दहा टक्के करा, उपेक्षित गटांतली मुलं कॉलेज अर्धवट सोडून जाऊ नयेत म्हणून दहा वर्षांचा आराखडा करा, मानसिक आरोग्यासाठी समुपदेशक नेमा, विशेषतः गोरे नसलेले. आणि तिसरी मागणी, जी वाचून मला भरून आलं, ती अशी की लीजन ऑफ ब्लॅक कॉलेजियन्स या संघटनेने १९६९ मध्ये दिलेल्या मागण्या पूर्ण करा. शेहेचाळीस वर्षं जुना कागद! आणि वुल्फ यांच्यानंतर हंगामी प्रेसिडेंट म्हणून नेमले गेले मायकल मिडलटन, साठच्या दशकात विद्यार्थी असताना ती संघटना उभी करणाऱ्यांपैकी एक. स्वतःच्या पिढीने दिलेला कागद, तसाच अपुरा, त्यांच्याच टेबलावर आला.

मुलांचंही सगळं बरोबर नव्हतं. राजीनाम्याच्या दिवशी मैदानात आंदोलकांच्या तंबूंभोवती साखळी करून त्यांनी एका विद्यार्थी फोटोग्राफरला अडवलं, एका प्राध्यापिकेने तर पत्रकाराला हाकलायला माणसं बोलावली. सरकारी युनिव्हर्सिटीचं मोकळं मैदान, तिथे फोटो काढायचा हक्क ज्या घटनादुरुस्तीने दिलाय त्याच दुरुस्तीने मोर्चाचाही दिलाय, हे प्राध्यापकाला कळू नये याचं मला वाईट वाटलं. मुलांना मात्र कळलं, दुसऱ्या दिवशी त्यांनीच पत्रकारांचं स्वागत करा म्हणून पत्रकं वाटली.

हाती काय लागलं विचारता तर नव्या अधिकाऱ्याची जागा, ट्रेनिंग, समित्या. दहा टक्के प्राध्यापक झाले नाहीत. २०२४ च्या उन्हाळ्यात युनिव्हर्सिटीने तो डायव्हर्सिटीचा सगळा विभागच बंद केला, आणि लीजनच्या दरवर्षीच्या वेलकम ब्लॅक बार्बेक्यूचं नाव बदलून वेलकम ब्लॅक अँड गोल्ड, म्हणजे युनिव्हर्सिटीचे रंग, असं करायला लावलं. उलट सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजचं उदाहरण बघा. तिथे काळ्या, लॅटिनो, आशियाई आणि मूळनिवासी विद्यार्थ्यांनी मिळून नोव्हेंबर १९६८ ते मार्च १९६९ संप केला, पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या, पंधरा मागण्यांवर अडून राहिले, आणि त्यातून अमेरिकेतलं पहिलं एथ्निक स्टडीज कॉलेज, म्हणजे या समाजांचा इतिहास नि संस्कृती शिकवणारं, उभं राहिलं, जे आजही चालू आहे, तिथे पगारी प्राध्यापक आहेत, डिग्री मिळते. पद, विभाग, बजेट, प्रवेश असं लेखी घेतलेलं टिकण्याची शक्यता असते. माफीनामे आणि पोस्टर वारा फिरला की उतरतात. तेव्हा भाच्याला विचारा की त्याला त्या आठ मागण्यांतल्या किती माहीत होत्या.

प्रश्न : मुलगी अमेरिकेत पीएचडी करतेय. तिकडच्या काळ्या मुलांच्या मोर्च्यात जाते, मीटिंगा करते. आम्ही रात्र रात्र झोपत नाही. पाहुण्यांनी पाहुण्यासारखं राहावं, लोकांच्या भांडणात आपण कशाला पडायचं? तिला समजावून सांगाल का? (एक आई, नाशिक)

ताई, तुमची काळजी खोटी नाही, तिच्याकडे येतेच. पण हे लोकांचं भांडण आहे हे मला पटत नाही, आणि का ते ऐका.

१९२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सांगितलं की भारतीय माणूस गोरा नाही, म्हणून त्याला नागरिकत्व मिळणार नाही. थिंद अमेरिकन सैन्यात होते, तरीसुद्धा. आधी नागरिक झालेल्या कितीतरी भारतीयांचं नागरिकत्व नंतर काढून घेतलं. वर मिसुरीच्या पुलावरच्या ज्या माणसाबद्दल लिहिलं ना, तो त्याच वर्षीच्या एप्रिलात मारला गेला, दोन महिन्यांनी. मग १९४६ ला भारताला इमिग्रेशनचा कोटा मिळाला, वर्षाला शंभर माणसं, अख्ख्या देशाला. आपली मुलं तिथे शिकायला, राहायला जाऊ शकली ती १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यामुळे, आणि तो आला कधी, तर १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा आणि १९६५ चा मतदान हक्कांचा कायदा काळ्या लोकांनी कुत्री, पाण्याचे फवारे, तुरुंग सोसून मिळवला त्याच्या पाठोपाठ. माणसाच्या वंशावरून दार लावायचं नाही हे तत्त्व त्यांनी रक्त सांडून मान्य करून घेतलं आणि त्या उघड्या दारातून आपण आत गेलो. तुमच्या मुलीला हे माहीत असेल म्हणूनच ती जात असेल. मला तिचा अभिमान वाटतो.

आता काळजीचं. एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर शांततेच्या मोर्च्यात जाणं हा गुन्हा नाही. पण २०२५ मध्ये मोठ्या संख्येने विद्यार्थ्यांचे सेव्हिस रेकॉर्ड, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद, अचानक बंद केले गेले, व्हिसे रद्द झाले, त्यात आपली भारतीय मुलंही होती, आणि अनेकांचे कोर्टात गेल्यावर परत चालू झाले. त्यामुळे घाबरू नका पण तिला पुढचं विचारा. युनिव्हर्सिटीचे मोर्च्याचे नियम तिने वाचलेत का, कुठे, किती वाजेपर्यंत, तंबू चालतो का. पोलिसांनी पांगा म्हटलं की व्हिसावरच्या मुलांनी त्या क्षणी निघायचं, तिथे थांबायचं काम नागरिक असलेल्या मित्रांचं, आणि चांगले आंदोलक हे आधीच वाटून घेतात. सस्पेन्शन हे अटकेइतकंच धोक्याचं, कारण नाव कमी झालं की स्टेटस जातं, आणि हे मुलांच्या लक्षात येत नाही. वकिलाचा नंबर फोनमध्ये नको, हातावर पेनाने लिहायचा, फोन काढून घेतात. इंटरनॅशनल ऑफिसातल्या सल्लागाराची ओळख आधीच करून ठेवायची, मी त्या खुर्चीत असताना जी मुलं आधी येऊन बोलली त्यांच्यासाठी मला खूप काही करता आलं, जी अटकेनंतर आली त्यांच्यासाठी फार थोडं.

आणि मोर्च्याच्या पुढे उभं राहण्याशिवाय कामं ढीगभर असतात, युनिव्हर्सिटीचं बजेट वाचून काढणं, मागण्यांचा मसुदा करणं, मीटिंगचे मिनिट्स ठेवणं, उपोषणाला बसलेल्यांची देखभाल. पीएचडी करणारी मुलगी बजेट फार चांगलं वाचेल. तिला जाऊ नको म्हणू नका ताई, म्हणालात तर ती जाईल आणि तुम्हाला सांगणार नाही.

प्रश्न : हार्वर्डमध्ये आशियाई मुलांवर अन्याय होत होता, सुप्रीम कोर्टाने तो संपवला. यावर तुम्ही लोक गप्प का? (एक वडील, एडिसन, न्यू जर्सी)

गप्प नाही, थोडक्यात सांगते. २९ जून २०२३ च्या निकालाने प्रवेशात वंश विचारात घेणं बंद झालं. आशियाई मुलांना पर्सनल रेटिंगमध्ये, म्हणजे स्वभाव-व्यक्तिमत्त्वाच्या गुणांत, सरासरीने कमी गुण पडत होते हे खटल्यात पुढे आलं आणि ते लाजिरवाणं होतं, तुमचा राग मी समजू शकते. पण त्याच खटल्यातल्या आकड्यांतून हेही बाहेर आलं की हार्वर्डमध्ये प्रवेश मिळालेल्या गोऱ्या मुलांपैकी त्रेचाळीस टक्क्यांहून जास्त मुलं खेळाडू कोट्यातली, माजी विद्यार्थ्यांची, देणगीदारांच्या वगैरे डीनच्या यादीतली किंवा प्राध्यापकांची होती. काळ्या, लॅटिनो आणि आशियाई मुलांत हे प्रमाण सोळाच्याही आत. ते दार कोर्टाने उघडंच ठेवलं. निकालानंतरच्या पहिल्या वर्षी एमआयटीत काळी मुलं तेरा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आली. तुमच्या मुलाची जागा कोण घेत होतं याचा शोध घ्यायचा तर बापाच्या ओळखीने आत येणाऱ्यांपासून सुरुवात करा. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा करून खासगी कॉलेजांतही हे वारशाचे प्रवेश बंद केलेत, न्यू जर्सीतही तशी मागणी करता येईल, आणि तिच्यात काळे पालक तुमच्या शेजारी उभे राहतील.

प्रश्न : मी बौद्ध, विदर्भातला, अमेरिकेत शिकतो. इंडियन स्टुडंट असोसिएशनमध्ये आडनावावरून गाव, गावावरून पुढचं विचारलं जातं. एकाने गप्पा मारता मारता पाठीवर हात फिरवला, मला नंतर कळलं की तो जानवं चाचपत होता. तेव्हापासून मला जेवणाच्या ग्रुपमधून काढलंय. हेच मित्र ब्लॅक लाइव्ह्ज मॅटरच्या मोर्च्यात पुढे होते. जातीचं नाव काढलं की म्हणतात ‘ते इथे कशाला आणतोस?’ तक्रार कुठे करू?

मित्रा, पत्र वाचून फार वाईट वाटलं आणि संताप आला. तू काही आणलं नाहीस, ते त्यांनी सामानात बांधून नेलं होतं.

तुझ्या युनिव्हर्सिटीच्या भेदभावविरोधी धोरणात जात हा शब्द आहे का ते आज बघ. ब्रँडाइस युनिव्हर्सिटीने तो २०१९ मध्ये घातला, कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने जानेवारी २०२२ मध्ये आपल्या तेवीसही कॅम्पसना लागू केला, आणि तो आपोआप नाही आला, दलित विद्यार्थ्यांनी स्वतःचे अनुभव मांडून, युनियनना पटवून आणला. शब्द असेल तर सरळ त्याखाली तक्रार कर. नसेल तरी वाट बंद नाही. कॅलिफोर्नियात जातभेदाविरुद्धचं विधेयक दोन्ही सभागृहांत पास होऊनही गव्हर्नर न्यूसम यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये परत पाठवलं, आणि कारण दिलं की वंशपरंपरा वगैरे शब्दांखाली हे आधीच बेकायदा आहे. मला तो नकार चुकीचा वाटतो, कारण तक्रार घेणाऱ्या क्लार्कला शब्द दिसल्याशिवाय तो फॉर्म पुढे सरकवत नाही. पण तू त्याच युक्तिवादाने तक्रार लिही, वंशपरंपरा आणि राष्ट्रीय मूळ या दोन खान्यांत खूण कर, तारखा, वेळ, साक्षीदार, ग्रुपमधून काढल्याचा स्क्रीनशॉट, आणि असोसिएशनला युनिव्हर्सिटीकडून पैसे मिळतात हे ठळक लिही. विद्यार्थी फीच्या पैशातून चालणाऱ्या मंडळाला कुणाला जातीवरून जेवणातून वगळता येता कामा नये.

एकटा जाऊ नकोस. आंबेडकरी संघटना अमेरिकेत ठिकठिकाणी आहेत, आणि काळ्या विद्यार्थ्यांच्या संघटनेकडेही जा, त्यांना तुझं म्हणणं समजवायला वेळ लागणार नाही. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या काळ्या अमेरिकन विचारवंतांना पत्र लिहून अमेरिकन निग्रोंच्या युनोकडच्या अर्जाची प्रत मागितली होती आणि ड्यू बॉइस यांनी जुलैमध्ये उत्तर देऊन आपली पूर्ण सहानुभूती कळवली होती. तू त्यांच्या दारात उभा राहिलास तर नवखा नसशील. आणि त्या मित्रांना हा कॉलम पाठव, माझ्या नावाने पाठव.

प्रश्न : पुण्यात आमच्या सोसायटीत एजंटांना तोंडी सांगून ठेवलंय की आफ्रिकन विद्यार्थी नकोत. मी कमिटीवर आहे, मला हे पटत नाही, पण एकटी काय करू?

तुम्ही लिहिलंत याचा खूप आनंद झाला. पुण्यात आफ्रिकेतल्या मुलांना फ्लॅट मिळवताना काय सोसावं लागतं ते मी ऐकलंय, फोनवर हो, दारात गेल्यावर नाही. पुढच्या मीटिंगमध्ये हा विषय लेखी अजेंड्यावर घ्यायला लावा. तोंडी नियम तोंडीच टिकतात, सही करून असा ठराव करायला सहसा कुणी तयार होत नाही, आणि झालंच तर तो कागद घेऊन सहकारी संस्थांच्या उपनिबंधकाकडे जाता येईल. सभासदाला फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची आधी परवानगी लागत नाही, कळवावं लागतं, हे आदर्श उपविधींमध्ये आहे ते वाचून दाखवा. सुरक्षेचं कुणी काढलं तर सांगा की परदेशी भाडेकरूची माहिती घरमालकाने चोवीस तासांत ऑनलाइन भरायची असते, जर्मन असो की नायजेरियन, पोलिसांना माहिती जातेच. एखाद्या सभासदाचा फ्लॅट रिकामा असेल तर आधी त्यांच्याशी बोला, एक घर दिलं गेलं की एजंटला सांगून ठेवलेलं आपोआप मोडतं. ठराव काय झाला ते मला नक्की कळवा, पुढच्या अंकात छापते.